लघवीतून रक्त गेलं आणि थांबलं, तर पुढे तपासायचं का?

विट्याजवळच्या एका गावातील तरुणाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील ५८ वर्षांचे, कोइमतूरला त्यांचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं दुकान. जत्रेसाठी गावी आले असताना दोन दिवस लघवी लालभडक झाली. दुखलं नाही, जळजळ नाही, ताप नाही. जवळच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन धरून पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं आणि तिसऱ्या दिवशी लघवी साफ झाली. सोनोग्राफीत उजव्या किडनीत ४ मिलिमीटरचा खडा आणि थोडी वाढलेली प्रोस्टेट, बाकी सगळं नॉर्मल. हृदयात स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे. त्याआधी पंचवीसेक वर्षं विडी ओढायचे, स्टेंटनंतर सोडली. आता त्यांना दुकानावर परतायची घाई आहे. मुलाचे प्रश्न दोन: रक्त थांबलंय, खडाही सापडलाय, मग आणखी तपासणी कशाला? आणि रक्त पातळ करणारी गोळी बंद करावी का?

थेट उत्तर आधी देतो. तपासणी अजून पूर्ण झालेली नाही, ती करायलाच हवी, आणि तीत मूत्राशयाची म्हणजे लघवीच्या पिशवीची दुर्बिणीतून तपासणी असायला हवी. गोळी मात्र स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही. असं का म्हणतो, ते सविस्तर सांगतो. कारण तुमच्या वडिलांच्या बाबतीत जे झालं ते आपल्या भागात मी सतत पाहतो आणि त्यात वेळ कुठे वाया जातो तेही पाहतो.

तुम्ही खडा आणि गोळी यांबद्दल विचारलंत, पण खरी अडचण त्या दोन्हींची नाही. अडचण अशी की वडिलांच्या लाल लघवीला कारणं भराभर मिळत गेली. डॉक्टरांना इन्फेक्शन वाटलं, सोनोग्राफीने खडा दाखवला, प्रोस्टेट मोठी निघाली, गोळी तर चालूच होती. शिवाय घरात कुणीतरी नक्की म्हणालं असेल की भट्टीपुढं बसून उष्णता पडली, सब्जाचं पाणी द्या. इतकी कारणं हाताशी असली की रक्त नेमकं कुठून आलं हे कुणी बघतच नाही. आणि चाळिशी-पन्नाशीपुढच्या, विडी-सिगारेट ओढलेल्या माणसाला दुखल्याशिवाय लाल लघवी झाली, तर मूत्रमार्गात गाठ नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आहे असं धरून चालायचं, हा वैद्यकातला जुना आणि आजही पक्का नियम आहे.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. डोळ्यांना दिसेल इतकं रक्त लघवीतून गेलेल्या लोकांची पूर्ण तपासणी केली, तर साधारण दहांत एकाला किंवा त्याहून थोड्या अधिक जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग सापडतो, असे परदेशातल्या मोठ्या पाहण्यांचे आकडे आहेत. म्हणजे बहुतेकांना तो नसतो. पण दहांत एक ही शक्यता "बघू पुढे" म्हणून सोडण्याइतकी लहान नाही, आणि वय व विडी या दोन्ही गोष्टी तुमच्या वडिलांच्या विरुद्ध जातात.

आता "रक्त थांबलंय" याबद्दल. मूत्राशयातली गाठ सलग रक्त सोडत नाही. तिच्या पृष्ठभागावर बारीक, नाजूक रक्तवाहिन्यांचे कोंब असतात. पिशवी भरते, आकसते, त्यात एखादा कोंब तुटतो, रक्त येतं, तिथे गुठळी धरते आणि रक्त थांबतं. पुन्हा कधी दिसेल ते आठवड्याने, की चार-सहा महिन्यांनी, हे सांगता येत नाही. मधल्या काळात लघवी पाण्यासारखी स्वच्छ असते. त्या वेळी जे औषध चालू असतं त्याला श्रेय मिळतं: कधी अँटिबायोटिकला, कधी धने-जिऱ्याच्या पाण्याला, कधी गावातल्या काढ्याला. तिसऱ्या दिवशी लघवी साफ झाली, यावरून अँटिबायोटिक लागू पडलं असं म्हणता येत नाही. ते दिलं नसतं तरी बहुधा तिसऱ्या दिवशी साफ झाली असती.

इन्फेक्शन होतं का, हे ठरवायला अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, लावायला हवं होतं. मूत्रमार्गाच्या संसर्गात रक्त येतं हे खरं, पण त्यासोबत बहुतेक वेळा जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं किंवा ताप असतो आणि लघवीत पू-पेशी भरपूर दिसतात. वडिलांना यातलं काही नव्हतं. कल्चर केलं असेल आणि त्यात जंतू वाढले असतील, तर माझं मत थोडं बदलेल, पण थोडंच. मग मी म्हणेन की उपचार संपल्यावर लघवी पुन्हा तपासा. आणि पन्नाशीपुढच्या पुरुषाला पहिल्यांदाच संसर्ग झाला, तोही इतक्या रक्तासह, तर त्यामागेही कारण शोधावं लागतंच. इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पंचेचाळिशीपुढच्या माणसाला संसर्गाशिवाय उघड रक्त दिसलं, किंवा संसर्ग बरा झाल्यावरही रक्त राहिलं वा परत आलं, तर कर्करोगाच्या शंकेने तातडीने तज्ज्ञाकडे पाठवा असं सांगितलं आहे. तुमचे वडील त्या चौकटीत बसतात.

खड्याचं म्हणाल, तर ४ मिलिमीटरचा, किडनीत शांत पडून राहिलेला खडा आपल्याकडे फार लोकांत सापडतो. उन्हात, भट्टीपुढे, उसाच्या फडात किंवा द्राक्षबागेत दिवसभर घाम गाळणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या माणसाची लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. तो खडा खाली नळीत उतरला की मग कळ येते, कंबरेकडून जांघेपर्यंत तिडीक जाते, माणूस जमिनीवर लोळतो, उलटी होते, आणि तेव्हा लघवीत रक्त दिसतं. वडिलांना काहीच दुखलं नाही. न दुखणाऱ्या, न अडकलेल्या छोट्या खड्यावर दोन दिवसांच्या लालभडक लघवीचं खापर फोडणं मला पटत नाही. खडा असणं आणि खड्यामुळे रक्त येणं यात अंतर आहे, आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला की हे अंतर लोक विसरतात. काही वेळा डॉक्टरही विसरतात.

प्रोस्टेटमधून रक्त येऊ शकतं. वाढलेल्या ग्रंथीवरच्या शिरा फुगलेल्या असतात. पण "प्रोस्टेटमुळे" हे निदान बाकी सगळं पाहून झाल्यावर करायचं असतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी थोडी मोठी प्रोस्टेट ही नवलाची गोष्ट नाही, ती बऱ्याच जणांची असते.

गोळीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे रक्त जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात जाऊ शकतं. पण निरोगी मूत्रमार्गातून ती सहसा आपणहून उघड रक्त काढत नाहीत. उलट आत एखादी गाठ असेल, तर या गोळ्यांमुळे ती लवकर रक्त दाखवते आणि लवकर सापडते. म्हणून मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: माणूस ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन काहीही घेत असला, तरी गोळी न घेणाऱ्या माणसाइतकीच पूर्ण तपासणी करायची. दुसरी बाजू अशी की घाबरून गोळी थांबवली, तर स्टेंटमध्ये गुठळी धरून हार्ट अटॅक येऊ शकतो. गोळीत बदल करायचा असेल तर तो हृदयाच्या डॉक्टरांनी करायचा. दुर्बिणीने नुसती पाहणी करायला सहसा गोळी थांबवावी लागत नाही. पुढे गाठ काढायची वेळ आली, तर हृदयाचे आणि मूत्रविकाराचे डॉक्टर मिळून ठरवतात. वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) लगेच तपासावा, तो फार वाढलेला असेल तर तो वेगळा धोका आहे.

विडी सोडली हे वडिलांनी फार चांगलं केलं. पण सोडल्यावर धोका हळूहळू, वर्षानुवर्षांनी उतरतो आणि पूर्ण शून्यावर लवकर येत नाही. तंबाखूच्या धुरातली अरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं फुप्फुसातून रक्तात, रक्तातून किडनीत आणि तिथून लघवीत उतरतात. लघवी पिशवीत तासन्‌तास साठून राहते आणि तेवढा वेळ ती रसायनं पिशवीच्या अस्तराला लागून असतात. म्हणून धूर छातीत ओढला तरी कर्करोग लघवीच्या पिशवीत होतो. याच जातीच्या रसायनांचा माग पहिल्यांदा रंगाच्या कारखान्यात लागला. जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये रंग बनवणाऱ्या कामगारांमधल्या मूत्राशयाच्या गाठींची नोंद केली. त्यामुळे मी अशा रुग्णाला फक्त "व्यसन आहे का" एवढंच विचारत नाही. आयुष्यभरात काय काय कामं केली ते विचारतो: रंगाईत होता का, रबराच्या किंवा कातड्याच्या कारखान्यात होता का. गलाईच्या कामात शिसं किंवा कॅडमियम अंगात जात असेल, तर ते किडनीला अपाय करतं, म्हणून तिथे काम केलेल्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती चालते ते दाखवणारी रक्ततपासणी, मी आवर्जून पाहतो.

उरली सोनोग्राफी. "सोनोग्राफी नॉर्मल आहे" हे वाक्य ऐकून घरचे सुटकेचा श्वास सोडतात. सोनोग्राफी किडनीतली मोठी गाठ, सूज, खडा चांगला दाखवते. पिशवी नीट भरलेली असेल तर पिशवीतली बरी मोठी गाठही दाखवते. पण काही मिलिमीटरची गाठ, अस्तरावर सपाट पसरलेला कर्करोग आणि किडनी ते पिशवी या नळीतली गाठ तिला दिसत नाही, किंवा हमखास दिसत नाही. तपासणीच्या वेळी पिशवी अर्धी रिकामी असेल तर आणखी कमी दिसतं. वडिलांचा रिपोर्ट काढून पाहा, पिशवी पुरेशी भरलेली होती का हे त्यात बहुधा लिहिलेलं असेल. सोनोग्राफीत काही सापडलं तर त्याचा उपयोग होतो. काही सापडलं नाही, तर वडिलांसारख्या रुग्णात तिथे थांबता येत नाही.

तर आतापर्यंतचा मुद्दा एवढाच: रक्त थांबलं हा पुरावा नाही, खडा आणि प्रोस्टेट या सोबतच्या गोष्टी असू शकतात, गोळी हे कारण धरायचं नाही आणि नॉर्मल सोनोग्राफीने पिशवी तपासून झाली असं होत नाही.

आता काय करायचं. पहिल्या भेटीत मी जे करतो ते फार महाग नाही. आधी नीट विचारतो. लाल रंग लघवीच्या सुरुवातीला होता, शेवटी होता की पहिल्यापासून शेवटपर्यंत? सुरुवातीलाच असेल तर मूत्रनलिकेकडे, म्हणजे पिशवीतून बाहेर येणाऱ्या वाटेकडे, शेवटी असेल तर पिशवीच्या तोंडाकडे किंवा प्रोस्टेटकडे बोट जातं. सगळीच लाल असेल तर पिशवी किंवा त्याच्या वर. गुठळ्या पडल्या का? गुठळ्या असतील तर रक्त किडनीच्या गाळणीतून आलेलं नसतं. लांबट, गांडुळासारख्या गुठळ्या असतील तर त्या वरच्या नळीत तयार झालेल्या असतात. वजन घटलंय का, भूक गेलीय का, घरात कुणाला क्षयरोग झाला होता का. मग रक्तदाब, पाय आणि चेहऱ्यावर सूज आहे का, पोटाला हात लावून गोळा लागतो का, आणि पुरुषात गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेटची तपासणी. ही शेवटची तपासणी संकोचामुळे फार ठिकाणी टाळली जाते.

त्यानंतर लघवीची ताजी तपासणी, कल्चर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, साखर. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, करायचा असेल तर संसर्ग नसताना करावा, नाहीतर तो फुकट वाढलेला येतो. आणि मग मूत्रविकारतज्ज्ञ म्हणजे युरोलॉजिस्टकडे पाठवायचं, दोन गोष्टींसाठी: दुर्बिणीची तपासणी आणि सीटी युरोग्राफी. सीटी युरोग्राफीत डाय, म्हणजे चित्रात उठून दिसणारं औषध, देऊन किडन्या, नळ्या आणि पिशवी टप्प्याटप्प्याने पाहतात. त्याआधी क्रिएटिनिन पाहावंच लागतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पूर्वी डायची ॲलर्जी आली असेल तर ते सांगायचं. किडनी कमजोर असेल तर पर्यायी तपासण्या आहेत.

दुर्बिणीचं नाव काढलं की आपल्याकडचा माणूस आखडतो. "ऑपरेशन आहे का?" हा पहिला प्रश्न. ऑपरेशन नाही. लवचीक, पेन्सिलीहूनही बारीक दुर्बीण असेल तर मूत्रनलिकेत बधिर करणारी जेली घालून काही मिनिटांत पाहणी होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. काही ठिकाणी कडक दुर्बीण वापरतात, तिथे कमरेत इंजेक्शन देऊन भूल देतात. नंतर एक-दोन दिवस लघवीला थोडी आग होते, रंग किंचित गुलाबी दिसतो. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच परत जायचं. एवढंच. लघवीतल्या पेशींची तपासणी, जिला सायटोलॉजी म्हणतात, ती दुर्बिणीच्या जागी चालत नाही. तीत काही आलं नाही म्हणून गाठ नाही, असा अर्थ निघत नाही.

लवकर पाहण्याचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या साधारण चारपैकी तीन रुग्णांत निदानाच्या वेळी गाठ अस्तरापुरती असते, स्नायूत शिरलेली नसते. अशी गाठ पोटावर चिरा न देता, मूत्रमार्गातूनच दुर्बिणीने खरवडून काढता येते. गरज पडली तर पिशवीत बीसीजीचे डोस देतात, तेच बीसीजी जे बाळांना क्षयरोगासाठी टोचतात. या गाठी पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे दर काही महिन्यांनी दुर्बिणीने बघत राहावं लागतं, पण पिशवी वाचते. गाठ स्नायूत शिरल्यावर मात्र अख्खी पिशवी काढण्याची किंवा रेडिएशन-केमोथेरपीची गोष्ट येते. या दोन अवस्थांच्या मध्ये बऱ्याचदा फक्त "लघवी साफ झाली होती, म्हणून थांबलो" एवढेच काही महिने असतात.

सगळं नॉर्मल निघालं तर? तसंही होतं आणि ते आनंदाचं आहे. मग वर्षभराच्या आत लघवी पुन्हा तपासायची, आणि पुन्हा उघड रक्त दिसलं तर "मागच्या वेळी काही नव्हतं" म्हणून गप्प बसायचं नाही.

हे सगळं तुमच्या वडिलांसारख्या माणसाबद्दल झालं. हे वाचून पंचविशीतल्या मुलीने दुर्बिणीची चौकशी करत फिरावं असं मला मुळीच वाटत नाही. वय, धूम्रपान आणि रक्त डोळ्यांनी दिसलं की फक्त सूक्ष्मदर्शकाखाली, यावर पुढचं सगळं ठरतं.

अनेक लोक कंपनीच्या किंवा विम्याच्या तपासणीचा कागद घेऊन येतात, त्यावर लिहिलेलं असतं "ऑकल्ट ब्लड पॉझिटिव्ह", म्हणजे डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे. ती पट्टीची तपासणी असते. पट्टी रक्तपेशी मोजत नाही, हीम नावाच्या घटकावर रंग बदलते. त्यामुळे स्नायू तुटून आलेलं द्रव्य, फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन, इतकंच काय, भांड्याला राहिलेलं ब्लीचही तिला फसवतं. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दर क्षेत्रात ३ किंवा त्याहून जास्त लाल पेशी दिसल्या तरच लघवीत रक्त आहे असं धरायचं. नमुना मधल्या धारेचा हवा, स्वच्छ डबीत आणि तासा-दोन तासांत तपासलेला हवा. खेड्यातून सकाळी निघून, एसटीत उन्हात तापून दुपारी लॅबमध्ये पोचलेल्या लघवीतल्या पेशी फुटून गेलेल्या असतात. मी लॅबच्या दारातच नमुना द्यायला सांगतो. पाळी चालू असेल तर तपासणी पुढे ढकलायची.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावून आलेल्या किंवा तालमीत भरपूर जोर-बैठका मारलेल्या तरुणाच्या लघवीतही रक्त सापडतं. साधारणपणे दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीत ते जातं, तेव्हा पुन्हा तपासायचं. फक्त, खूप दिवसांनी एकदम जास्त व्यायाम केला, अंग भयंकर दुखतंय आणि लघवी चहा-कोलासारखी झाली असेल, तर ते रक्त नसून तुटलेल्या स्नायूंमधलं द्रव्य असू शकतं. त्याने किडनी बंद पडू शकते. तिथे विश्रांतीचा सल्ला पुरत नाही, दवाखाना गाठावा लागतो.

चाळिशीच्या आतला पुरुष किंवा पन्नाशीच्या आतली स्त्री, धूम्रपान नाही, पेशी ३ ते १० एवढ्याच, दुसरा काही धोका नाही, अशा माणसाला सहा महिन्यांच्या आत लघवीची पुन्हा तपासणी करून पाहणं बहुतेक वेळा पुरतं. तीही पॉझिटिव्ह आली तर पुढे जायचं. साठीपुढे मात्र पेशी मोजक्या असल्या तरी मी तज्ज्ञाचं मत घेतो.

लहान मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला, लघवी काळ्या चहासारखी आणि कमी, आणि काही आठवड्यांपूर्वी घसा सुजलेला किंवा अंगावर खरूज-फोड येऊन गेलेले, ही गोष्ट किडनीच्या गाळणीच्या सुजेची आहे. घशानंतर एक ते तीन आठवड्यांनी आणि त्वचेच्या फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी ती येते. लघवीत प्रथिनं जातात, रक्तदाब वाढतो. मुलाचा रक्तदाब मोजायला लहान पट्टा लागतो आणि तो दवाखान्यात असावा. मोठ्या माणसातही लघवीला फेस, सूज, वाढलेला रक्तदाब आणि वाढलेलं क्रिएटिनिन असेल, तर आधी किडनीच्या डॉक्टरांकडे म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टकडे जायचं.

बायकांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. त्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग जास्त वेळा होतो, म्हणून त्यांच्या प्रत्येक लाल लघवीला संसर्गाचं औषध मिळतं आणि गाठ पुरुषांपेक्षा उशिरा सापडते. पाळी गेलेली बाई "अंगावरून लाल जातंय" म्हणते, तेव्हा ते लघवीतून की योनीमार्गातून, हे तिलाही नेमकं ठाऊक नसतं. विचारून आणि तपासून ते वेगळं करावं लागतं, कारण एका वाटेला मूत्राशय आहे आणि दुसऱ्या वाटेला गर्भाशय. दोन्हींकडे दुर्लक्ष परवडत नाही. सहा महिन्यांत तीन वेळा संसर्गाचं औषध घेतलेली आणि एकदाही कल्चर न झालेली साठीची बाई समोर आली, तर मी चौथं औषध लिहीत नाही.

लघवीत पू-पेशी भरपूर, रक्त थोडं, साध्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, लघवी वारंवार आणि दिवसेंदिवस अधिक होते, वजन उतरतंय, असं चित्र असेल तर क्षयरोग आठवला पाहिजे. किडनी आणि पिशवीचा क्षयरोग आपल्या देशात अजून आहे. त्यासाठी सलग काही दिवस पहाटेची पहिली लघवी तपासायला देतात, क्षयाच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट तपासणीही होते, आणि सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत.

ऊस तोडताना, गवत कापताना पायाला काहीतरी चावलं आणि काही तासांत लघवी लाल झाली किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर घोणस चावली असं समजून सरळ मोठा दवाखाना गाठायचा. घोणसाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत ते गोठतं का, हेही प्रतिविषाचा निर्णय घेताना पाहतात.

आणि रंग लाल म्हणजे रक्तच असं नाही. बीट खाल्लं, क्षयाची रिफाम्पिसिन चालू आहे, किंवा जळजळीवर दिलेली काही औषधं घेतली तरी लघवी नारिंगी-लाल होते. लघवीची साधी तपासणी हा गोंधळ पाच मिनिटांत सोडवते. म्हणून मी सांगतो की पुन्हा लाल दिसली तर पांढऱ्या कपात घेऊन मोबाईलवर फोटो काढा आणि शक्य असेल तर तीच लघवी लॅबला द्या. साफ झाल्यावर आलेल्या माणसाकडे नुसती आठवण असते.

गुठळ्या अडकून लघवीच होत नाही आणि ओटीपोट फुगलं, खड्याच्या कळीसोबत थंडी वाजून ताप आला, खूप रक्त जाऊन चक्कर येतेय, यांपैकी काहीही झालं तर युरोलॉजिस्टच्या वेळेची वाट पाहायची नाही. त्याच रात्री भरती करायचं.

माझ्यासारखीच प्रॅक्टिस करणाऱ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. केसपेपरवर फक्त "यूटीआय" (मूत्रमार्गाचा संसर्ग) लिहू नका. "उघड रक्त, वेदना नाही, कल्चर पाठवलं, उपचारानंतर लघवी पुन्हा" एवढं लिहा. आपला रुग्ण कोइमतूर, कोलकाता, दिल्लीला निघून जातो, आणि तिथला डॉक्टर तो कागद वाचूनच पुढे जातो. कागदावर रक्ताचा उल्लेखच नसेल, तर तो शोध आपल्या टेबलावर संपलेला असतो.

आता तुमच्या वडिलांच्या जाण्याबद्दल. माझं मत विचाराल, तर त्यांनी तपासणी करूनच जावं. मिरज, सांगली, कराड, सगळीकडे युरोलॉजिस्ट आहेत आणि यासाठी मुंबई-पुणे गाठायची गरज नाही. पैशांची अडचण असेल तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी विचारा. पुढे गाठ निघाली, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून तुमच्या बाबतीत काय बसतं ते भरती होण्यापूर्वीच विचारून घ्या. दुकान उघडणं फारच गरजेचं असेल आणि ते निघालेच, तर कोइमतूरमध्येही चांगले युरोलॉजिस्ट आहेत. पण तिथली वेळ इथून गाडीत बसण्याआधी फोनवर ठरवा, पुढच्या दोन-तीन आठवड्यांतली. सोबत सोनोग्राफीचा रिपोर्ट, लघवीचे कागद, स्टेंटची फाईल आणि चालू गोळ्यांची यादी द्या. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायला लावा की दोन दिवस दुखल्याशिवाय लालभडक लघवी झाली होती आणि पंचवीस वर्षं विडी ओढली. खडा आणि प्रोस्टेट त्यानंतर सांगितले तरी चालेल.